गो-अराउंड आणि आपला खोटारडा कान
खिडकीबाहेर नुसतं पांढरं, काचेवरून पावसाचे थेंब आडवे पळतायत, चाकं बाहेर आल्याचा धडधड आवाजही होऊन गेलेला, म्हणजे आता टेकणारच असं धरून मी बूट घालत होतो आणि एकदम इंजिनं किंचाळली. पाठ सीटमध्ये रुतली आणि विमान रॉकेटसारखं सरळ उभं वर निघालं. शेजारच्या काकांनी माझं मनगट घट्ट पकडलं, मीही सोडवून घेतलं नाही.

उभं वगैरे काही नव्हतं ते. उतरता उतरता न टेकताच विमान परत वर नेतात त्याला गो-अराउंड म्हणतात, आणि अशा वेळी विमानाचं नाक साधारण १५ अंश वर असतं, रोजच्या टेकऑफला असतं तेवढंच. मग रॉकेट कुठून आलं? तर कानातून.

आपल्या कानात आत एका जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. डोकं मागे कललं की ते मागे सरकतात आणि मेंदूला कळतं की आपण कललो. गोची अशी की गाडी जोरात पुढे निघाली तरी ते मागेच सरकतात, आणि या दोन्हीतला फरक त्या खड्यांना कळत नाही. एरवी डोळे बघून सांगतात की बाबा रे जमीन सपाट आहे. ढगात डोळ्यांना बघायला काहीच नसतं, मग कान म्हणेल ते खरं. वेग गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्श्याइतक्या जोराने वाढत असेल तर साधारण ११ अंशांचा चढ फुकटात जास्तीचा वाटतो.

पायलटचा कानही असाच असतो हो. २३ ऑगस्ट २००० ला बहारीनजवळ एक एअरबस ए३२० रात्री गो-अराउंड करताना समुद्रात पडलं, १४३ जण गेले. विमान धडधाकट होतं. तपासात हाच भास पुढे आला, नाक फार वर गेलंय असं वाटून ते खाली दाबलं गेलं, तेही काळोखात. म्हणून पायलटला ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात की अंगाला काय वाटतंय ते सोड, समोरचा कृत्रिम क्षितिज दाखवणारा डायल बघ.

मुळात परत वर का जायचं? साध्या आयएलएसवर, म्हणजे रेडिओच्या लहरी धरून ३ अंशांच्या उतारावरून येताना, २०० फुटांपर्यंत धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर वर जायचं, विषय संपला. तिथून टेकायला जेमतेम १५ सेकंद उरलेले असतात. वारा अचानक फिरला किंवा वेग नीट बसला नाही तरी हेच.

खरी भीती मला नंतर वाटली. वर जाऊन विमान सपाट झालं, इंजिनांचा आवाज एकदम उतरला आणि पोटात गोळा आला, वाटलं गेलं इंजिन. तेही कानाचंच काम, वेग वाढायचा थांबला की उलटा भास होतो, नाक खाली गेल्यासारखा. त्यात अनाउन्समेंट नाही, कारण कॉकपिटमध्ये आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, मग टॉवरशी बोलायचं, आपला नंबर शेवटी.

पुढच्या टेकऑफला मी एक गंमत करून बघितली. धावपट्टीवर पळतानाच डोळे मिटले, आणि चाकं जमिनीवर असतानाच सीट मागे कलल्यासारखी वाटली. डोळे उघडले तर अजून सपाट.