चेहऱ्याचे तीन पट्टे आणि मोजपट्टी ज्याची त्याची

फोटो टाकला की चेहऱ्यावरून भविष्य सांगणारी अ‍ॅप्स सध्या बरीच फिरतात. त्यांवर ‘प्राचीन चिनी शास्त्र’ असा शिक्का मारलेला असतो. त्यात मोजमाप खरंच आहे. भविष्य मात्र त्यातून निघत नाही.

चिनी मुखसामुद्रिक, म्हणजे चेहऱ्यावरून नशीब सांगण्याची विद्या, चेहऱ्याचे तीन आडवे पट्टे पाडतं: केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या टोकापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत. पहिला तारुण्याचा, दुसरा मध्यमवयाचा, तिसरा म्हातारपणाचा. तिन्ही सारखे असले की नशीब चांगलं.

लांबी सेंटिमीटरमध्ये न धरता प्रमाणात धरायची, ही यातली गोष्ट मला फार आवडते. चिनी वैद्यकाने तर ती कमालीची नेटकी केली. ‘हुआंगदी नेइजिंग’ या जुन्या ग्रंथात साडेसात ‘चि’ (लांबीचं जुनं चिनी माप) उंचीचा माणूस धरून हाडांची मापं दिली आहेत. हान काळातली चि सुमारे 23 सेंटिमीटरची, म्हणजे हा माणूस 173 सेंटिमीटरच्या आसपास. मग बुटक्या रोग्याचं काय? अ‍ॅक्युपंक्चरमध्ये सुई टोचायची जागा मोजताना कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत 12 ‘त्सुन’, म्हणजे 12 सारखे भाग, धरतात, हात कुणाचाही असो. हे अंतर 24 सेंटिमीटर असेल तर एक त्सुन 2 सेंटिमीटरचा. लहान मुलात ते 15 भरलं तर सव्वा सेंटिमीटरचा. मोजपट्टी शरीराबरोबर लहानमोठी होते. आपल्याकडे चरक-सुश्रुतांनीही मापं ज्याच्या त्याच्या अंगुळांतच दिली आहेत.

पण गुणोत्तर काढायचं तर दोन्ही टोकं पक्की हवीत. कोपर-मनगट जागचे हलत नाहीत, केसांची रेषा हलते. टक्कल पडलं की पहिला पट्टा लांबतो, पण सरलेलं तारुण्य त्याने बदलत नाही. दात पडले की त्यांना धरणारं जबड्याचं हाड झिजतं आणि तिसरा पट्टा आखूड होतो. नवजात बाळात कवटी आणि चेहरा यांच्या आकारमानाचं प्रमाण साधारण 8:1 असतं, मोठेपणी ते 2:1 च्या जवळ येतं; कारण मेंदू आधी वाढतो, जबडा वयात आल्यावरही काही वर्षं वाढत राहतो. पट्ट्यांत दिसते ती ही झालेली वाढ आणि झीज. पैसे घेऊन त्यातून लग्न-नोकरीचे योग सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे.

चीनमध्येच इ.स.पू. तिसऱ्या शतकात श्युन्झ या विचारवंताने चेहरा-शरीरावरून नशीब सांगण्याच्या या विद्येविरुद्ध लिहिलं. त्याने उंचीचेही दाखले दिले: याव राजा उंच, शुन बुटका, आणि दोघेही आदर्श मानलेले; च्ये आणि चौ हे राजे धिप्पाड, देखणे, आणि दोघांनीही प्रजेला छळलं.