सल्लागार वास्तुरचनाकार (मुंबई इलाखा)

सरकारी व सार्वजनिक इमारतींचे आराखडे करण्यासाठी ब्रिटिश काळात निर्माण केलेले पद. १९०१ मध्ये जॉन बेग या पदावर आले. १९०४ मध्ये त्यांचे साहाय्यक म्हणून रुजू झालेले स्कॉटिश वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट (१८७८–१९२६) पुढे त्यांच्या जागी आले आणि दक्षिण मुंबईचा चेहरा बराचसा त्यांच्या हातून घडला.

इमारतीचे रूप ठरवणे या अधिकाऱ्याच्या हाती असे. पैसा आणि जमीन मात्र नसे. गेटवे ऑफ इंडियाच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. त्याची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसली, पण अंतिम आराखड्याला मंजुरी मिळाली ऑगस्ट १९१४ मध्ये, म्हणजे पायाभरणी आधी आणि नकाशा नंतर! कमान उभी करायला जमीनही तयार नव्हती. १९१५ ते १९१९ या काळात अपोलो बंदरावर भराव घालून समुद्राकडे भिंत बांधली गेली. पाया १९२० मध्ये पुरा झाला. तोवर विटेट सरकारी नोकरी सोडून टाटांच्या अभियांत्रिकी कंपनीत गेले होते. पिवळसर बेसाल्ट व काँक्रीटची ही वास्तू ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट, एकूण खर्च सुमारे २१ लाख रुपये. निधी संपल्याने समोरचा नियोजित हमरस्ता झालाच नाही. त्यामुळे आजही रस्ता कमानीच्या अक्षावर न येता तिरका येतो. हा दोष रचनेचा नव्हे, अंदाजपत्रकाचा.

प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचे (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) काम विटेट यांना १९०९ च्या खुल्या स्पर्धेतून मिळाले. कुर्ल्याचा करडा-निळा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड यांची सांगड, वर मोठा घुमट, आत नाशिकच्या एका वाड्यातले लाकडी खांब व कमानी, अशी त्याची घडण. बेसाल्ट भक्कम पण छिन्नीला दाद न देणारा, म्हणून कोरीव कामाला मालाडी दगड सोयीचा. अशा दगडी बांधकामाच्या दुरुस्तीत चुन्याऐवजी सिमेंटने दरजा (दगडांमधल्या फटी) भरल्या की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय चालले. संग्रहालय लोकांसाठी उघडले १९२२ मध्ये.

बॅलार्ड इस्टेट या दक्षिण मुंबईतील व्यापारी भागात विटेट यांनी घुमट बाजूला ठेवून युरोपीय अभिजात शैली वापरली. सर जे. जे. कलाशाळेच्या वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. तिचीच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली.