यीस्टच्या आधी कुणी शिरू नये म्हणून

घरी बिअर करायला नव्याने सुरुवात करणारे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) निवडण्यात दिवसच्या दिवस घालवतात आणि भांड्यांवरचे जंतू मारणारा सॅनिटायझर मात्र हाताशी असेल तो उचलतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. माल्ट साधा असला तरी बिअर पिण्याजोगी होते, पण भांड्यात भलताच जंतू घुसला तर महागातला महाग माल्टही वाया जातो.

माल्टचा उकळलेला गोड अर्क म्हणजे वर्ट. त्यात साखर असते, अमिनो आम्लं असतात आणि पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ ते ५.५ असतो. तो थंड झाला की साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टला जितका मानवतो तितकाच इतर जंतूंनाही. यीस्टने जोर धरला की चित्र बदलतं. ऑक्सिजन संपतो, अल्कोहोल वाढतं, पीएच ४.५च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. त्यात हॉप्सचा कडूपणाही अनेक जिवाणूंना सोसत नाही. म्हणूनच रोग पसरवणारे जंतू बिअरमध्ये सहसा तग धरत नाहीत. तग धरतात ते चव बिघडवणारे: आंबट करणारा लॅक्टोबॅसिलस, लोण्यासारखा वास आणणारा पेडिओकॉकस, हवा मिळाली तर व्हिनेगर करणारा ॲसिटोबॅक्टर. यीस्ट घातल्यापासून ते कामाला लागेपर्यंतचे काही तास याच मंडळींचे असतात.

हे आपल्याला ठाऊक आहे ते फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्यामुळे. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरातल्या एका कारखानदाराचा बिटापासून अल्कोहोल करण्याचा उद्योग नासत होता. पाश्चर यांनी रस सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चांगल्या रसात यीस्टच्या गोलसर पेशी होत्या, आंबलेल्या रसात त्यांच्याहून कितीतरी बारीक दांडुकी दिसली. पुढे १८७६ मध्ये त्यांनी बिअरवरच एक अख्खा ग्रंथ लिहिला.

सॅनिटायझर सगळे जंतू मारत नाही. ते काम निर्जंतुकीकरणाचं, आणि घरी त्याची गरजही नसते. अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागांसाठीच्या सॅनिटायझरने ३० सेकंदांत ९९.९९९ टक्के जिवाणू मारावेत, अशी अमेरिकेतली कसोटी आहे. म्हणजे १० लाखांतले १० उरणार. आपण दर मिलिलिटरला सुमारे १ कोटी यीस्ट पेशी घालतो, त्यांच्यापुढे हे १० कुठेच टिकत नाहीत. पण ही कसोटी स्वच्छ पृष्ठभागावरची आहे. नळीत मागच्या खेपेचा बुळबुळीत थर असेल, तर रसायन त्या थरावरच खर्ची पडतं आणि आतले जंतू सुखरूप राहतात. म्हणून आधी सोडियम परकार्बोनेटसारख्या क्लीनरने धुणं, मग खळखळून काढणं, आणि त्यानंतर सॅनिटायझर. प्लॅस्टिकच्या भांड्याला तारेची घासणी लावू नका. ओरखड्यात बसलेला जंतू घासूनही निघत नाही.

आता निवड. ब्लीच सगळीकडे मिळतं आणि जंतूही चांगले मारतं, तरी नवख्याला मी ते सुचवणार नाही. उरलेलं क्लोरीन वर्टमधल्या फेनॉलशी जुळून क्लोरोफेनॉल तयार होतात, आणि अब्जात काही भाग इतक्या अत्यल्प प्रमाणातही औषधासारखी चव जिभेला कळते. ती टाळायला पाण्याने भरपूर धुवावं लागतं, आणि त्या पाण्यातून नवे जंतू येऊ शकतात. स्टीललाही ब्लीचने बारीक खड्डे पडतात. शिवाय ते कोणत्याही आम्लात मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. आम्लाचा सॅनिटायझर वापरणाऱ्याने हे कायम ध्यानात ठेवावं.

माझी शिफारस न धुता चालणाऱ्या आम्लयुक्त सॅनिटायझरची. स्टार सॅन हा त्यातला प्रसिद्ध. फॉस्फोरिक आम्ल पीएच खाली आणतं आणि जोडीचं फेसाळ आम्लयुक्त रसायन जिवाणूंचं आवरण फोडतं. १९ लिटर पाण्याला सुमारे ३० मिली, म्हणजे लिटरमागे दीड मिली पुरतं. पृष्ठभाग एक-दोन मिनिटं ओला राहिला पाहिजे, हे महत्त्वाचं. नुसतं बुडवून लगेच काढलं तर उपयोग नाही. राहिलेल्या फेसाला घाबरू नका. वर्टमध्ये मिसळला की तो इतका पातळ होतो आणि पीएच इतका वर जातो, की त्याचा मारा संपतो.

आयोडोफोर, म्हणजे आयोडीनचा सॅनिटायझरही उत्तम. लिटरला १२.५ मिलिग्रॅम आयोडीन आणि दोन मिनिटं, एवढ्यावर भागतं. फिकट तपकिरी रंग उडाला की द्रावण संपलं, हे डोळ्यांनी दिसतं. मात्र प्लॅस्टिकवर डाग पडतात, आणि जास्त घट्ट केलं तर धुवावं लागतं. अल्कोहोल फवारायचं तर ७० टक्क्यांचं घ्यावं, कारण प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतंच. पण ते ज्वालाग्राही आहे, पेटत्या शेगडीजवळ नको. सोडियम मेटाबायसल्फाइट वाइनवाले वापरतात. ते जंतूंची वाढ रोखतं, मारण्याच्या बाबतीत कमी पडतं, आणि दम्याच्या माणसाला त्याचा वायू बाधतो.

उकळायच्या पातेल्याला यातलं काहीच लागत नाही, तासभराची उकळी पुरेशी असते. थंड वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू मात्र सॅनिटायझरमधून गेलीच पाहिजे: फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं), झाकण, नळ्या, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप), थर्मामीटर, यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा. तोटी सुटी करून आतलं रबरी वॉशर काढा. बाहेरून चकचकीत तोटीतही तिथे मळीची कड सापडते. आम्लाचं उरलेलं द्रावण फवाऱ्याच्या बाटलीत ठेवा. पाणी क्षारांमुळे जड असेल तर द्रावण गढूळ होतं, पण गढूळपणावरून निकाल देऊ नका. पीएचची पट्टी बुडवा. ३च्या खाली दाखवते तोवर ते वापरा, वर गेलं की ओतून नवं करा.