जड हवेतला हंगाम

डिसेंबर उजाडला की पुण्यातील सायकल क्लबांचे स्वार पहाटे साडेपाचच्या अंधारात सिंहगडाच्या किंवा कात्रजच्या रस्त्याला लागतात. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय 'पुणे ग्रँड टूर'साठीही हेच दिवस निवडले गेले. दख्खनच्या पठारावर वेगाने सायकल मारण्याचा हंगाम हिवाळ्याचाच, हे इथल्या स्वारांना कोणी शिकवावे लागत नाही. गंमत अशी की, केवळ हवेचा विचार केला तर हा हंगाम वेगाला प्रतिकूल ठरतो.

थंड हवा दाट असते. पुण्याच्या उंचीवर १० अंश सेल्सिअस तापमानाची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के अधिक घन असते. सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होत असल्यामुळे, तोच वेग राखण्यासाठी त्याला मे महिन्याच्या दुपारच्या तुलनेत साधारण चौदा-पंधरा वॉट जास्त लावावे लागतात. तासाभरात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विक्रमासाठी बंदिस्त ट्रॅक मुद्दाम उबदार ठेवतात, ते याच कारणाने. इटलीचा सायकलपटू फिलिप्पो गान्ना याने २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेंचेन येथे ५६.७९२ किलोमीटरचा विक्रम केला, तो अशाच बंदिस्त ट्रॅकवर. टायरही थंडीत साथ देत नाही. आदल्या दुपारी तीस अंशांत शंभर पीएसआय भरलेली हवा पहाटेच्या दहा अंशांत त्र्याण्णवच्या आसपास उतरते, आणि पंक्चर झाले की काय या शंकेने नवखा स्वार चाक तपासत बसतो.

असे असूनही हिवाळाच सोयीचा ठरतो, कारण सायकल चालवणारे शरीर हे मुळात उष्णता निर्माण करणारे यंत्र आहे. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम वीस ते पंचवीस टक्के पेडलपर्यंत पोहोचते आणि बाकीची उष्णता होते. पेडलवर २०० वॉट देणारा स्वार त्याच वेळी सहाशे ते आठशे वॉट उष्णता निर्माण करत असतो, म्हणजे एखादी छोटी इस्त्री अंगात चालू ठेवून तो चढावर निघालेला असतो. ही सगळी उष्णता केवळ घामावाटे घालवायची झाली तर तासाला सुमारे एक लिटर घाम नुसता गळून नव्हे, तर त्वचेवरून वाफ होऊन गेला पाहिजे. उन्हाळ्यात हे काम भागवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागते आणि तेवढे रक्त स्नायूंच्या वाट्याला कमी येते.

याचा हिशेब गॅलोवे आणि मॉन या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात स्पष्ट दिसतो. आठ पुरुषांनी स्थिर सायकलवर, आपल्या कमाल ऑक्सिजन वापराच्या सुमारे सत्तर टक्के पातळीवर, थकून थांबेपर्यंत पेडल मारले. ३१ अंशांत ते सरासरी ५२ मिनिटे टिकले, २१ अंशांत ८१ मिनिटे, आणि ११ अंशांत जवळजवळ ९४ मिनिटे. चार अंशांत मात्र हा आकडा पुन्हा ८१ वर आला. सर्वांत अनुकूल ठरलेले ११ अंश म्हणजे पुण्याची डिसेंबरमधली पहाटच! चौदा-पंधरा वॉटांचा भुर्दंड त्यापुढे किरकोळ वाटतो.

जड हवेवर क्लबांकडे एक जुना उपाय आहेच: घोळका. वायुगतिकीचे अभ्यासक बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला, तेव्हा मधोमध असलेल्या काही स्वारांवरील हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या तुलनेत पाच ते दहा टक्क्यांवर आल्याचे आढळले. रविवारच्या दहा-बारा जणांच्या रांगेत एवढा लाभ होत नाही, तरी पुढच्याच्या चाकामागे बसण्याचा फायदा पायांना लगेच कळतो. चढावर वेग उतरला की हवेचा विरोध नगण्य होतो आणि मुख्य झगडा वजनाशी उरतो. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्यांमधून 'घाटाचा राजा' वेगळा निवडतात, त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे: तिथे कोणाच्या आडोशाला लपता येत नाही.

खरी थंडी वाजते ती उतारावर. सिंहगडाचा घाट चढताना घामाने भिजलेला स्वार ताशी चाळीसच्या वेगाने खाली येऊ लागला की दहा अंशांची हवा उघड्या त्वचेला सहा अंशांसारखी भासते, शिवाय ओला जर्सी उष्णता ओढत राहतो. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबायला उशीर होतो. विंडचीटर खिशात नसेल, तर छातीवर वर्तमानपत्र खुपसण्याची युरोपीय स्वारांची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे, कारण कागद वारा अडवतो. वर पिठलं-भाकरीला फार वेळ बसलेल्यांचे स्नायूही गार पडलेले असतात. थंड स्नायूचा जोर थोडा कमी होतो, पण त्याहून अधिक मंदावतो तो त्याच्या आकुंचनाचा वेग, म्हणून थांब्यानंतर पहिली दहा मिनिटे हलक्या गिअरवर काढावीत.

सरावाच्या आखणीत मात्र आपले क्लब युरोपीय पुस्तकांवर विसंबून फसतात असे मला वाटते. तिथे रस्त्यावरील शर्यती वसंत आणि उन्हाळ्यात होतात, म्हणून हिवाळ्यात सावकाश, लांब पल्ल्याचा पाया घालतात. स्नायूंतील मायटोकॉन्ड्रिया (पेशींतील ऊर्जा तयार करणारे घटक) आणि केशवाहिन्या वाढण्यासाठी असे महिने लागतातच. आपल्याकडे तो पाया पावसाळ्यात, घरच्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या उपकरणावर) समोर पंखा लावून का होईना, घालायला हवा आणि डिसेंबर तीव्र, तुकड्यातुकड्यांच्या सरावासाठी मोकळा ठेवायला हवा.

एक अडचण उरते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तिच्यावर उबदार थर बसतो, आणि शेकोट्यांचा, पालापाचोळ्याचा, वाहनांचा धूर टेकड्यांच्या मध्ये वसलेल्या शहरात कोंडून राहतो. विश्रांतीत मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेणारा माणूस जोरात पेडल मारताना ऐंशी-शंभर लिटर घेतो. पहाट शरीराला सर्वांत अनुकूल असते आणि फुप्फुसांना बहुधा सर्वांत प्रतिकूल. त्यामुळे शहरातील रस्ते हळूहळू पार करून खरा जोर घाटात लावणे बरे. कात्रजच्या माथ्यावरून मागे वळून पाहिले की आपण नुकतेच ज्यातून आलो तो करडा थर खाली पसरलेला दिसतो.