डिजिटल सही: अर्ज, कागदपत्रं आणि ‘टोकन लावलंय पण सही होईना’ यावरचा इलाज

दर महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीचं ३बी विवरण भरायची मुदत संपत आली, की कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या ऑफिसांतून फोन सुरू होतात. टोकन लावलंय, पिन टाकलाय, पण सही होईना. (टोकन म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट साठवलेलं, पेनड्राइव्हसारखं यूएसबी उपकरण.) बहुतेक वेळा सर्टिफिकेट ठणठणीत असतं. पोर्टलच्या पानाला आपल्या संगणकातल्या सही करणाऱ्या प्रोग्रॅमशी बोलायची परवानगीच मिळालेली नसते. म्हणून इथे अर्जाची माहिती आहेच, पण परवानग्यांवर जरा जास्त लिहिलं आहे.

आधी ठरवा, लागते का?

डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, म्हणजे डीएससी, सगळ्यांना लागत नाही. जीएसटीसाठी ती कंपनी आणि एलएलपीला, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला लागते. राजारामपुरीत एकट्याच्या मालकीचं दुकान असेल किंवा साधी भागीदारी फर्म असेल, तर मोबाइलवरच्या ओटीपीने, म्हणजे ईव्हीसीने काम भागतं. तेवढ्यासाठी कुणी डीएससी गळ्यात मारत असेल तर सरळ नको म्हणा. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदांच्या पोर्टलवर बोली लावायची असेल तर मात्र एकट्या ठेकेदारालाही ती हवीच. कंपनीच्या संचालकांना कंपनी कामकाज मंत्रालयाच्या फॉर्मसाठी लागते.

अर्ज आणि कागदपत्रं

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली नेमलेले नियंत्रक (सीसीए) स्वतः लोकांना सर्टिफिकेट देत नाहीत, ते प्रमाणन संस्थांना परवाना देतात. ईमुद्रा, एनकोड, कॅप्रिकॉर्न ही त्यांतली नेहमी कानावर येणारी नावं. आपल्याकडे कर सल्लागार किंवा ई-सेवावाले जे विकतात ते यांच्याच वतीने. परवानाधारकांची यादी सीसीएच्या संकेतस्थळावर आहे, त्यात नाव नसेल तर पैसे देऊ नका. १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ दर्जाचं सर्टिफिकेट देणं बंद झालंय. आता क्लास ३ च मिळतो.

वैयक्तिक अर्जाला पॅन, आधार, स्वतःचा मोबाइल आणि ईमेल पुरतो. आधारच्या ओटीपीवर केवायसी करणार असाल तर आधारला जोडलेला नंबर चालू हवा. गाडी अडते ती बहुधा इथेच, कारण तो नंबर कधीच बंद पडलेला असतो. संस्थेच्या नावाने घ्यायची असेल तर संस्थेचा पॅन, जीएसटी नोंदणी आणि सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचं पत्र. कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव, फर्म असेल तर भागीदारीचा करारनामाही जोडावा लागतो.

यानंतर व्हिडिओ पडताळणी. कॅमेऱ्यासमोर स्वतः बसायचं, मूळ पॅन कार्ड दाखवायचं, अर्ज माझाच आहे असं सांगायचं. मुलगा किंवा अकाउंटंट तुमच्याऐवजी बसला तर अर्ज फेटाळला जातो, आणि ते योग्यच आहे. पॅनवर ‘पाटील एस. डी.’ आणि आधारवर पूर्ण नाव अशी गत असेल तर आधी नावं जुळवून घ्या, मगच अर्ज करा.

सर्टिफिकेट एक, दोन किंवा तीन वर्षांचं मिळतं, आणि ते यूएसबी क्रिप्टो टोकनमध्येच उतरवावं लागतं. टोकनचे पैसे वेगळे. टेंडरसाठी घेत असाल तर त्या पोर्टलला फक्त सहीचं चालतं की एन्क्रिप्शनचंही, म्हणजे माहिती कुलूपबंद करायचंही लागतं, हे आधी विचारा. ते नंतर वेगळं घ्यायचं म्हणजे पुन्हा अर्ज आणि पुन्हा खर्च.

सही होत नाही तेव्हा

पूर्वी पोर्टलच्या पानातच जावा ॲपलेट नावाचा छोटा प्रोग्रॅम चालायचा आणि तो थेट टोकनपर्यंत पोचायचा. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या जावा ७ अपडेट ५१ ने बनवणाऱ्याची डिजिटल सही नसलेल्या ॲपलेटना अडवायला सुरुवात केली, तेव्हा लोक जावाच्या ‘एक्सेप्शन साइट लिस्ट’मध्ये पोर्टलचा पत्ता घालायचे. पुढे क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये असे प्लगइन बंदच केले. इंटरनेट एक्सप्लोररही जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. व्हिडिओ बघून आजही कुणी जावाची सुरक्षा कमी करत बसलं असेल, तर आधी त्या पोर्टलची सध्याची सूचना वाचा. तिथे जावाचं नावच नसेल तर ती खटपट वाया गेली.

आता ब्राउझर टोकनला हात लावत नाही. तुमच्या संगणकात एक छोटा साइनर प्रोग्रॅम बसवलेला असतो, जीएसटीसाठी एमसाइनर. पोर्टलचं पान त्याला निरोप देतं, पिन तो विचारतो आणि सहीही तोच करतो. त्यामुळे बिघाड कुठे आहे हे एका गोष्टीवरून कळतं: सर्टिफिकेट निवडायची खिडकी उघडते का?

खिडकी उघडली पण यादी रिकामी आली, तर ब्राउझरचा दोष नाही. टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला टोकन ओळखता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम, बसलेला नसतो किंवा यूएसबी पोर्ट साथ देत नसतो. टोकनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्टिफिकेट दिसेपर्यंत पोर्टलकडे वळूच नका.

खिडकीच उघडली नाही, किंवा ‘फेल्ड टू एस्टॅब्लिश कनेक्शन’ असा संदेश आला, तर परवानगी तपासायची. घड्याळाजवळच्या कोपऱ्यात एमसाइनरचं चिन्ह आहे का ते पाहा. नसेल तर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने सुरू करा. मग ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१:१५८५ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. धोक्याचा इशारा येईल. ‘ॲडव्हान्स्ड’वर जाऊन पुढे जा, मग पोर्टलचं पान पुन्हा उघडा. एरवी असा इशारा दिसला की मागे फिरायचं असतं. इथे पुढे जाता येतं, कारण १२७.०.०.१ म्हणजे तुमचाच संगणक. दुसरा कुठलाही पत्ता असेल तर हे अजिबात करू नका.

एवढं करूनही होत नसेल तर क्रोमची आवृत्ती पाहा. १४२ पासून क्रोम, संकेतस्थळाला तुमच्या संगणकातल्या किंवा नेटवर्कमधल्या गोष्टींशी जोडून देऊ का, असं विचारतो. घाईत कुणीतरी ‘ब्लॉक’ दाबलेलं असतं, आणि मग साइनर कितीही वेळा बसवा, उपयोग शून्य. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटच्या सेटिंगमध्ये ही जोडून द्यायची परवानगी ‘अलाउ’ करा. फक्त त्या पोर्टलपुरतीच, सगळ्या साइटना नको.

अँटीव्हायरस आडवा येत असेल तर तो बंद करू नका, साइनरपुरता अपवाद नोंदवा. ‘तासाभरासाठी बंद केलाय’ असं म्हणून तो वर्षभर तसाच राहतो. एकाच मशिनवर दोन-तीन पोर्टलचे साइनर चालू असतील तर नको ते बंद करून पाहा.

सही झाली पण पोर्टलने नाकारली, हे प्रकरण वेगळं. जीएसटीवर डीएससीमधला पॅन अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या पॅनशी जुळावा लागतो. नवीन सर्टिफिकेट घेतलं असेल तर प्रोफाइलमध्ये ‘रजिस्टर/अपडेट डीएससी’ केल्याशिवाय ते ओळखलं जात नाही. मुदतवाढ नावाची गोष्ट इथे नाही. मुदत संपली की नवं सर्टिफिकेट, आणि प्रत्येक पोर्टलवर नव्याने नोंद.

पिन वारंवार चुकला की टोकन लॉक होतं. तेव्हा कुणी ‘इनिशियलाइज करून देतो’ म्हणालं तर थांबवा. त्याने आतलं सर्टिफिकेटच पुसलं जातं आणि नवीन विकत घ्यावं लागतं. ज्या संस्थेकडून घेतलं तिथेच आधी विचारा.

टोकन आणि पिन दोन्ही सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कायद्याच्या कलम ४२ नुसार खासगी किल्ली, म्हणजे टोकनमधली सही करणारी गुप्त किल्ली, ताब्यात ठेवायची जबाबदारी सर्टिफिकेट ज्याच्या नावावर आहे त्याची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणन संस्थेला विनाविलंब कळवायचंही त्यानेच. टोकन हरवलं, किंवा पिन माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याच दिवशी सर्टिफिकेट रद्द करायचा अर्ज टाका. नवीन येईपर्यंत टेंडरची तारीख हुकेल म्हणून काही जण थांबतात. तोवर तुमच्या नावाने दुसरं कुणीही सही करू शकतं.