मुक्कामाच्या गाडीसाठी लिथियम बॅटरी निवडताना

माझ्या ओळखीतल्या तीन कुटुंबांनी गेल्या चार वर्षांत टेम्पो ट्रॅव्हलर किंवा जुनी व्हॅन घेऊन तिच्यात झोपायची जागा, ओटा आणि लहान फ्रिज करून घेतला आहे. एक कुटुंब पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुकादेवीच्या दर्शनाला जाते आणि गाडीतच मुक्काम करते, तर दुसरे पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या रानात दोन रात्री काढून परत येते. अशा गाडीत इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी असते आणि इंजिन बंद असताना दिवे, पंखा, फ्रिज चालवणारी वेगळी; या दुसरीला आपण मुक्कामाची बॅटरी म्हणू. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून तिन्ही घरांतून मला विचारणा झाली आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता : ‘‘सर, शंभर एएचची पुरेल ना?’’ विचारणे रास्त आहे, पण एएच म्हणजे अ‍ॅम्पिअर-तासाचा हा आकडा बॅटरीत किती वीज मावते एवढेच सांगतो. ती एका वेळी किती वेगाने देता येते, कशाने भरायची आणि उन्हाळ्यात तिचे काय होते, हे त्या आकड्यात नसते, आणि फसगत बहुधा तिथेच होते.

आधी त्या आकड्याचाच हिशेब करू. मुक्कामाच्या गाडीत वापरल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून तिचा व्होल्टेज १२.८ भरतो आणि शंभर एएचच्या बॅटरीत १२८० वॅट-तास ऊर्जा मावते. आता एका दिवसाचा खर्च मांडा. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज साधारण ४५ वॅट घेतो आणि दिवसाचा निम्मा वेळ चालतो, म्हणजे ५४० वॅट-तास झाले. २८ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा रात्रभर चालला की २५० होतात, चार एलईडी दिव्यांचे १००, मोबाइल आणि लॅपटॉपचे १५० आणि पाण्याच्या पंपाचे २० धरले, तर बेरीज १०६० होते. इथवर सगळे जण नीट मोजतात. विसरतो तो बॅटरीच्या विजेची घरच्यासारखी २३० व्होल्टची वीज करणारा इन्व्हर्टर, कारण त्याला काहीही जोडलेले नसले तरी नुसता चालू असताना तो १५ वॅटच्या आसपास खातो आणि चोवीस तासांत त्याचे ३६० वॅट-तास होतात. एकूण १४२० वॅट-तासांतला चौथा हिस्सा असा कोणाच्याही उपयोगी न पडता जातो. म्हणून फ्रिज, पंखा आणि दिवे थेट बारा व्होल्टवर चालणारेच घ्यावेत आणि इन्व्हर्टर गरजेपुरता लावून लगेच बंद करावा, हा माझा पहिला आग्रह असतो. एवढे पाळले तर शंभर एएचवर एक रात्र निघते. दोन रात्रींचा बेत असेल, तर दोनशे एएचला पर्याय नाही.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची, बॅटरीच गाडीत ठेवली तर काय बिघडते, असेही विचारले जाते. दीडशे एएचची ट्यूब्युलर बॅटरी ५० ते ६० किलो भरते आणि तिचे आयुष्य राखायचे असेल तर तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असते, म्हणजे हाती सुमारे ९०० वॅट-तास येतात. शंभर एएचची लिथियम बॅटरी ११-१२ किलोंची असून तिच्यातून हजारभर वॅट-तास बिनदिक्कत घेता येतात. हा फरक रसायनातला आहे. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी बनवलेल्या शिसे-आम्ल बॅटरीत प्रत्येक वेळी वीज देताना शिशाच्या प्लेटींचे शिसे-सल्फेट होते आणि चार्ज करताना ते पुन्हा मूळ रूपात येते. बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर हे सल्फेट कडक होऊन बसते आणि मग परत फिरत नाही. लिथियमच्या सेलमध्ये प्लेटी झिजवणारा असा प्रकार नाही. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या मागांवर धोटा जसा ताण्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो आणि परत येतो, तसे लिथियमचे आयन एका बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांतून दुसऱ्या बाजूच्या लोह-फॉस्फेटच्या जाळीत जातात आणि चार्ज करताना पुन्हा ग्रॅफाइटमध्ये येऊन बसतात. जाळी आणि थर जागच्या जागी राहतात, म्हणूनच उत्तम सेल दोन-तीन हजार वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा भरून रिकामा करता येतो.

‘लिथियम’ हे नाव मात्र एका पदार्थाचे नसून एका घराण्याचे आहे, हे खरेदीला जाण्यापूर्वी पक्के लक्षात ठेवावे. मोबाइलमध्ये आणि अनेक इलेक्ट्रिक वाहनांत निकेल-मँगेनीज-कोबाल्टचे किंवा त्याच्या जवळचे रसायन असते. ते वजनाला हलके असले, तरी फार तापले की त्याच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन बाहेर पडतो आणि आग बाहेरच्या हवेवाचूनही पेटत राहते. मुक्कामाच्या गाडीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हेच रसायन घ्यावे. हा पदार्थ अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने शोधला आणि १९९७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत गुडइनफही होते आणि त्या वेळी त्यांचे वय ९७ वर्षांचे होते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही. एलएफपी कधीच पेटत नाही असा याचा अर्थ नव्हे, कारण आतला द्राव ज्वलनशीलच असतो. पण ज्या पलंगाखाली ती ठेवायची आहे त्यावर आपली मुले झोपणार आहेत, आणि म्हणून स्कूटरच्या जुन्या पॅकमधले सेल काढून बांधलेली स्वस्त बॅटरी कोणी दाखवली तर मी तिथेच नाही म्हणतो.

आता बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. बॅटरीच्या डब्यात सेलांच्या वर एक सर्किटची पट्टी असते. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर भरू लागला, २.५ च्या खाली उतरू लागला, प्रवाह मर्यादेपलीकडे गेला किंवा तापमान वाढले, तर ही पट्टी बॅटरीचा संबंध तोडून टाकते. कणकुंबीजवळच्या एका मुक्कामात मी हे स्वतः अनुभवले. बाहेर धो धो पाऊस होता, गाडीत सहा माणसे होती, आणि वहिनींनी इंडक्शनच्या शेगडीवर पिठल्याचे पातेले ठेवून शेगडी पूर्ण ताकदीवर लावली. दिवे मंद झाले नाहीत, इन्व्हर्टर कुरकुरला नाही. एका क्षणात दिवे, पंखा, फ्रिज सगळे बंद पडून गाडीत मिट्ट काळोख झाला. बॅटरी जवळजवळ भरलेली होती. शेगडी १८०० वॅटची. इन्व्हर्टरमधला तोटा धरला तर बॅटरीकडून २००० वॅट मागितले गेले, म्हणजे सुमारे १५६ अ‍ॅम्पिअर. बीएमएस होती शंभर अ‍ॅम्पिअरची. टाकी भरलेली असली तरी नळ लहान असेल तर धार लहानच पडणार. म्हणून एएचच्या आकड्याआधी ‘सतत किती अ‍ॅम्पिअर देते’ हा आकडा विचारावा, आणि तो विचारताना काही सेकंदांपुरता दिला जाणारा मोठा आकडा कोणी पुढे करत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. इंडक्शनवर स्वयंपाक करायचाच असेल, तर दोनशे अ‍ॅम्पिअर झेपणारी बॅटरी लागते. अन्यथा गॅसची छोटी शेगडी बरी.

त्या काळोखात आणखी एक गोष्ट कळली. शिसे-आम्ल बॅटरी बसत आली की दिवे पिवळे पडतात, पंखा रेंगाळतो आणि माणूस सावध होतो. एलएफपीचा व्होल्टेज ऐंशी टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत फारसा हलत नाही, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून किती वीज उरली हे ओळखता येत नाही. त्यासाठी ऋण टोकाच्या वायरीत शंट, म्हणजे अगदी कमी रोधाची धातूची पट्टी, बसवून आत-बाहेर जाणारा प्रत्येक अ‍ॅम्पिअर मोजणारा मीटर लावावा लागतो. ब्लूटूथची सोय असलेली बीएमएस मिळाली तर चारही सेलांचे व्होल्टेज मोबाइलवर दिसतात. ते बॅटरी पूर्ण भरत असताना पाहावेत, कारण सेलांमधला कमी-जास्तपणा मधल्या सपाट टप्प्यात दिसत नाही, तो शेवटच्या चढावर उघडा पडतो.

भरण्याची बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे, आणि आपल्या भागात ती ऋतूप्रमाणे बदलते. मार्च-एप्रिलमध्ये टपावरचे २०० वॅटचे सोलर पॅनेल दिवसाला ७००-८०० वॅट-तास सहज देते. आषाढात कणकुंबीला, जिथे मलप्रभेचा उगम आहे, त्याच पॅनेलमधून त्याच्या दहा-वीस टक्केही मिळाले तर नशीब. अशा वेळी आधार अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या जनित्राचा. पण लिथियम बॅटरी अल्टरनेटरला सरळ जोडू नये. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा प्रवाह ओढत राहते आणि अल्टरनेटर भाजून निघतो. शिवाय भरता भरता बीएमएसने अचानक संबंध तोडला, तर उसळणाऱ्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. बीएस-सिक्स या प्रदूषण-मानकाच्या अनेक गाड्यांत तर इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा व्होल्टेज मधूनच खाली आणला जातो, त्यामुळे बॅटरी कधी पुरती भरतच नाही. मध्ये अल्टरनेटरची वीज बॅटरीला हव्या त्या व्होल्टेजने आणि प्रवाहाने देणारा डीसी-डीसी चार्जर बसवला की हे तिन्ही प्रश्न मिटतात. तीस अ‍ॅम्पिअरचा चार्जर दीड तास चालला तर ४५ एएच, म्हणजे पावणेसहाशे वॅट-तासांच्या आसपास वीज आत जाते. शिसे-आम्ल बॅटरीला शेवटचे वीस टक्के भरायलाच कित्येक तास लागतात, लिथियमला लागत नाहीत. छोट्या प्रवासांवर जगणाऱ्या गाडीला हा गुण वजनाइतकाच मोलाचा वाटावा. घरच्या विजेवर भरताना मात्र जुना ट्यूब्युलरचा चार्जर वापरू नये. त्यातला इक्वलायझेशनचा, म्हणजे शिसे-आम्लाचे सगळे सेल सारखे भरण्यासाठी मुद्दाम जास्त चार्ज करण्याचा, टप्पा व्होल्टेज १५ च्या वर नेतो, आणि एलएफपीची कमाल मर्यादा १४.६ आहे.

शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर ग्रॅफाइटवर लिथियम धातूचा लेप चढतो आणि सेल कायमचा बिघडतो, म्हणून परदेशी माहितीपत्रकांत बॅटरी गरम ठेवण्याच्या हीटरचे मोठे कौतुक असते. लडाखला जायचे असेल तर तो घ्यावा. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या थंडीत त्याची गरज नाही. आपली काळजी उलट आहे. सौंदत्ती-गोकाककडच्या उन्हाळ्यात दुपारी बंद करून ठेवलेल्या गाडीत तापमान पन्नासच्या पुढे जाते, तर एलएफपी चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा ४५ अंश आहे. बॅटरी पूर्ण भरलेली आणि तापलेली अशी पडून राहिली की तिची क्षमता वापराविनाच घटते. तिची जागा इंजिनपासून आणि पत्र्यापासून दूर, हवा खेळेल अशी असावी, आणि गाडी चार महिने उभी राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरून मुख्य स्विच बंद करावा.

वायरिंगबद्दल थोडेच सांगतो. बारा व्होल्टवर प्रवाह फार मोठा असतो, त्यामुळे एखादा लग, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे कडे, सैल राहून तिथे नुसता ०.००५ ओहम रोध निर्माण झाला, तरी १६० अ‍ॅम्पिअरला त्या एका ठिकाणी १२८ वॅट उष्णता तयार होते, आणि वायरीचे आवरण वितळायला ती पुरते. बॅटरीच्या धन टोकाला अगदी लगत चांगला फ्यूज हवा. लिथियमच्या शॉर्ट सर्किटचा हजारो अ‍ॅम्पिअरचा प्रवाह साध्या फ्यूजला तोडता येत नाही, म्हणून टी वर्गाचा फ्यूज मागावा. गाडीच्या रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगी लागते. ती आधीच घ्यावी.

राहिला प्रश्न खरेपणाचा. बॅटरीवर चिकटवलेल्या कागदापेक्षा वजनकाट्यावर माझा विश्वास जास्त आहे. शंभर एएचचा एलएफपी सेल सुमारे दोन किलोंचा असतो, चार सेलांचे आठ किलो होतात, त्यावर डबा, पट्टी आणि वायरी. म्हणून संपूर्ण बॅटरी नऊ किलोंच्या आत भरली तर आत शंभर एएच असणे कठीण आहे. बॅटरी किंवा तिचे सेल आयईसी ६२६१९ या सुरक्षा-मानकाला उतरल्याचा दाखला मागावा, आणि हमीपत्रात वर्षांबरोबरच किती चक्रे (एकदा भरून रिकामी करणे म्हणजे एक चक्र) आणि शेवटी किती टक्के क्षमता हे लिहिलेले असावे.

वजन बरोबर असूनही सेल वापरलेले असू शकतात. माझ्या एका मित्राने ओळखीतून घेतलेल्या बॅटरीची आम्ही त्याच्या अंगणात परीक्षा केली. ती पूर्ण भरली आणि गाडीच्या हेडलाइटचे ५५ वॅटचे चार हॅलोजन बल्ब तिला जोडले. चारही बल्ब मिळून, वायरीभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर १९ अ‍ॅम्पिअर दिसत होते, म्हणजे शंभर एएच असतील तर सव्वापाच तास उजेड राहायला हवा. सकाळी नऊला बल्ब लावले. बारा वाजून वीस मिनिटांनी चारही एकदम विझले, म्हणजे आत ६३-६४ एएचच होते. मित्राने वेळेची नोंद आणि मीटरचा फोटो घेऊन बॅटरी विकणाऱ्याकडे परत नेली. त्याने दुसरी दिली, तेव्हा तीही त्याच अंगणात, त्याच चार बल्बांवर लावली, आणि दुपारी दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत आम्ही दोघे तिच्याजवळ बसून होतो.