कामावर परतलेला कामगार आणि अपंगत्वाचा लाभ : पार्श्वभूमी

सोलापूरच्या यंत्रमागांवर धोटा उडून डोळ्याला लागणे किंवा दातेरी चाकात बोटे सापडणे, हे अपघात नवे नाहीत. अपघातग्रस्ताला भरपाई मिळते हे सगळेच जाणतात; तो पुन्हा कामावर उभा राहिला की त्या भरपाईचे काय होते, याबद्दल मात्र एकाच शेडमध्ये दोन मते ऐकू येतात. या गोंधळाचे मूळ कायद्याच्या एका शब्दप्रयोगात आहे.

१ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने मोजमाप ठरवले ते बुडालेल्या मजुरीचे नव्हे, तर 'कमावण्याच्या क्षमतेत' झालेल्या घटीचे. अपंगत्व तात्पुरते असेल तर अपघाताच्या वेळच्या कामातील क्षमता पाहायची. कायमचे अंशतः असेल तर त्या वेळी कामगार जी जी कामे करू शकला असता, त्या सर्वांमधील. शिवाय अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या इजांच्या यादीत, अवयवागणिक टक्के ठरवून दिले : अंगठा गेल्यास ३०, दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेल्यास ४०. अनुसूचीतील इजेने क्षमता घटली असे कायदाच धरून चालतो, त्यामुळे कामगार पुढे किती कमावतो हा प्रश्न तिथे उरत नाही. आपल्याकडे 'टक्का किती बसला' असे विचारतात तेव्हा हा टक्का आणि सरकारी रुग्णालयाच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरचा टक्का यांची सर्रास सरमिसळ होते. दुसरा टक्का शरीराचा असतो, पहिला कमाईच्या क्षमतेचा.

अनुसूची म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका सुताराच्या प्रकरणात स्पष्ट झाले. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. हे अपंगत्व अंशतःच आहे, असे मालकाचे म्हणणे होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे अपंगत्व पूर्ण आहे, असे न्यायालयाने ठरवले. मालकांना हा निर्णय आजही जाचक वाटतो, कारण कायद्यातील 'सर्व कामे' हे शब्द त्यांच्या मते आपल्या बाजूचे आहेत. पण रंधा धरणाऱ्याला राखणदारी करता आली असती, म्हणून त्याची सुतारकी शाबूत होती असे मानणे न्यायाचे ठरले नसते.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने विमाधारकांपुरती ही जबाबदारी मालकाकडून विम्याकडे नेली, आणि परतीचा प्रश्न खरा तिथे बोचू लागला. तात्पुरत्या अपंगत्वात रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात. मात्र ज्या दिवशी कामगार काम करून मजुरी घेतो, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. समजा सहाशे रुपये रोजाचा विणकर हाताला पट्टी असतानाच कांड्या भरायच्या हलक्या कामावर साडेतीनशे रुपयांवर आला. हजेरीपटावर नाव चढले की त्या दिवसाचे ५४० रुपये गेले. घरी बसला असता तर जास्त मिळाले असते. फरक भरून देण्याची सोय कलमात नाही. लवकर कामावर येणाऱ्याला ही एक प्रकारची शिक्षाच आहे. उलट डोळा कायमचा गेला आणि ४० टक्के ठरले, तर त्याच ५४० रुपयांचे ४० टक्के, म्हणजे २१६ रुपये रोज, पूर्ण मजुरीवर परतल्यानंतरही आजन्म मिळत राहतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. इजांची अनुसूची तिथेही आहे.

विम्याबाहेरच्यांसाठी १९८० पासून राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचे अनुदान २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झाले, तर अपंगांसाठी २०२५ मध्ये २,५००. इथे क्षमतेचा विचार नाही, प्रत्यक्ष उत्पन्नाचा आहे, आणि तेही कुटुंबाच्या. अपंगांसाठी वार्षिक मर्यादा ५०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,१६७ रुपयांच्या आसपास. घरधनीण विड्या वळत असेल, तर तिची मजुरीही उत्पन्नाच्या त्याच दाखल्यात धरली जाते. अशा घरातल्या अपंग माणसाने टॉवेलच्या घड्या घालण्याचे काम धरले, तरी तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला मर्यादेच्या वर जाऊ शकतो.